आचार्य अत्रे : हसवणारे हेडमास्तर

आचार्य अत्रे हे नाव आपल्या घरांत तसे कमीच निघते. उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलांना इक्बाल माहीत असतात, प्रेमचंद माहीत असतात, पतरस बुखारींचे मजेदार लेखही माहीत असतात. मराठीचे मात्र असे होते की पुस्तकातला धडा संपला की लेखकही संपला. मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. पालक विचारतात, सर, परीक्षेपुरते येते की मुलाला, आणखी कशाला? त्यांचेही चुकत नाही, पण या भाषेत पोट धरून हसायला लावणारा एक माणूस होऊन गेला आणि तो पेशाने आपल्यासारखाच मास्तर होता, हे मुलांना कळले तर परीक्षेपुरते येणारे मराठी थोडे पुढे सरकते असा माझा अनुभव आहे. म्हणून हा लेख.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, सासवडजवळच्या कोढीत गावी झाला. जवळून कऱ्हा नदी वाहते. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याला या नदीचेच नाव दिले, ‘कऱ्हेचे पाणी’. शिक्षण सासवडला आणि पुण्यात झाले. फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. केले. कॉलेजच्या वयात राम गणेश गडकरी या नाटककाराचा सहवास मिळाला. गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले, पण अत्र्यांनी त्यांना जन्मभर उस्ताद मानले. नाटकाचे वेड आणि शब्दांशी खेळण्याची खोड तिथूनच आली.

पोटासाठी मात्र त्यांनी शाळा धरली. बी. टी. केले (आजचे बी. एड. म्हणा), पुण्याच्या लष्कर भागातल्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे हेडमास्तर झाले. लष्कर भाग म्हणजे पेठांमधले पुणे नव्हे. तिथे सगळ्या जातीधर्माची, नोकरी-धंद्यासाठी आलेली मिश्र वस्ती. बऱ्याच मुलांच्या घरी पुस्तकी मराठी कुणी बोलत नसे. अशा मुलांना शिकवता शिकवता माणसाला कळते की भाषा पुस्तकातून मुलापर्यंत आपोआप जात नाही, तिला हाताला धरून न्यावे लागते. अत्रे १९२८ मध्ये लंडन विद्यापीठाची टी. डी. ही अध्यापनाची पदविका घेऊन आले. परत आल्यावर त्यांनी मुलींसाठी आगरकर हायस्कूल उभे केले, मुलांसाठी राजा धनराज गिरजी हायस्कूल उभे केले. मुलींच्या शाळेला आगरकरांचे नाव देण्यामागे विचार होता, आगरकर हे मुलींच्या शिक्षणासाठी झगडलेले सुधारक.

त्याच काळात त्यांनी प्राथमिक शाळांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ काढली. तोपर्यंतची क्रमिक पुस्तके म्हणजे उपदेशाची पोती. अत्र्यांनी त्यात मुलांच्या घरातली, गल्लीतली, खेळातली भाषा आणली. ‘दिनूचे बिल’ ही त्यांची गोष्ट अनेकांनी शाळेत वाचली असेल. आईला आपल्या कामाचे बिल लावणारा मुलगा आणि त्यावर आईने दिलेले बिल. मी ती वर्गात सांगतो तेव्हा उर्दू-मराठी असा काही भेद राहत नाही, शेवटच्या बाकावरचा पोरगाही गप्प होतो. आईला बिल देण्याचा विचार प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी आलेलाच असतो.

लिहिण्याची सुरुवात मात्र चेष्टेने झाली. १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ हा विडंबन कवितांचा संग्रह त्यांनी ‘केशवकुमार’ या टोपणनावाने आणला. त्या वेळी पुण्यात रविकिरण मंडळ नावाचा कवींचा गट होता. नाजूक भाषा, चहाच्या बैठका, प्रेमाचे उसासे. अत्र्यांनी त्यांच्या चालीवर अशा कविता लिहिल्या की लोक मूळ कविता विसरले आणि नक्कल पाठ करू लागले. उर्दूत ज्याला आपण पॅरोडी म्हणतो, तीच ही. पॅरोडी जमायला मूळ शायरी पाठ असावी लागते, हे मुशायऱ्यात बसणाऱ्यांना सांगायला नको.

आता नाटकाकडे येऊ. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, चित्रपट बोलू लागला, गाऊ लागला. पाठोपाठ १९३२ मध्ये मराठीत ‘अयोध्येचा राजा’ आला. झाले, रात्र-रात्र चालणाऱ्या संगीत नाटकांचे दिवस भरले. कंपन्या कर्जात बुडाल्या. इकडे पारशी थिएटरच्या उर्दू नाटकांचीही तीच गत झाली, तिथले मुन्शी आणि गवय्ये फिल्म स्टुडिओच्या दारात उभे राहिले. अशा पडत्या काळात, १९३३ मध्ये, बालमोहन नाटक मंडळीने अत्र्यांचे ‘साष्टांग नमस्कार’ रंगमंचावर आणले. औंधच्या राजेसाहेबांमुळे त्या काळी सूर्यनमस्काराची मोठी लाट होती. अत्र्यांनी नमस्काराच्या वेडापायी सगळे घर वेठीला धरणारा एक रावबहादूर उभा केला आणि थिएटरे भरू लागली. मग ‘घराबाहेर’ (१९३४), ‘भ्रमाचा भोपळा’ (१९३५), ‘उद्याचा संसार’ आणि ‘लग्नाची बेडी’ (दोन्ही १९३६). यातली सगळीच हसवणारी नाहीत. ‘घराबाहेर’ आणि ‘उद्याचा संसार’ यांत घरात कोंडलेल्या बाईचे दुःख आहे. गाणी होती, पण जुन्या नाटकासारखी तासन्‌तास नाही. गोष्ट पुढे चालली पाहिजे, हा हिशेब.

चित्रपटवाल्यांना असा माणूस हवाच होता. कोल्हापूरला मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये हंस पिक्चर्स काढली होती. अत्रे लिहिणार, विनायक दिग्दर्शन करणार आणि कामही करणार, अशी जोडी जमली. ‘धर्मवीर’ आणि ‘प्रेमवीर’ १९३७ मध्ये आले आणि १९३८ मध्ये आला ‘ब्रह्मचारी’. मराठीत विनोदी चित्रपट म्हटला की आजही पहिल्यांदा याचेच नाव घेतात.

गोष्ट साधीच आहे. औदुंबर नावाचा एक सामान्य तरुण ब्रह्मचर्यावरचे जोरदार भाषण ऐकतो आणि त्याच आवेशात शपथ घेतो. भिंतीवरची सिनेनट्यांची चित्रे फेकून देतो, व्यायाम सुरू करतो, आश्रमात दाखल होतो. एका रात्रीत महात्मा! मग किशोरी नावाची मुलगी येते आणि या महात्म्याची पंचाईत सुरू होते. किशोरीचे काम मीनाक्षी शिरोडकर यांनी केले. पोहण्याच्या पोशाखात पाण्यात खेळता खेळता त्या एक गाणे गातात. १९३८ साल होते हे! वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, सभ्य घरांत नाके मुरडली गेली आणि तिकीट खिडकीवर रांगा लागल्या.

हा चित्रपट आपल्या वाचकांना मी का सांगतो आहे, असे कुणी विचारील. पोहण्याचा पोशाख बाजूला ठेवा. त्यावर आक्षेप घेणारे तेव्हाही होते, आजही असतील, आणि घरात काय बघायचे हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. अत्रे इथे धर्माला हसत नाहीत, संयमालाही हसत नाहीत. ते हसतात एका भाषणात पालटलेल्या माणसाला, लोकांना दाखवण्यासाठी अंगावर चढवलेल्या नेकीला. आपल्याकडे या दुखण्याला नाव आहे, रिया. आपल्या वाज-बयानात त्यावर किती वेळा बोलले जाते! फरक इतकाच की बयानात माणूस मान खाली घालून ऐकतो आणि अत्र्यांच्या थिएटरात तो स्वतःलाच बघून हसतो. दोन्ही ठिकाणी तो ओळखतो की हे माझ्याबद्दल चालले आहे. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, ‘ब्रँडीची बाटली’ आला. दारूबंदीचा विषय आणि पुन्हा तेच, दारूला न शिवलेल्या भोळ्या माणसाच्या मागे लागलेली बाटली.

कंपन्यांची भांडणे इथे फार सांगत नाही. नवयुग चित्रपट कंपनीत अत्रे होते, तिथे पटले नाही, बाहेर पडले आणि अत्रे पिक्चर्स काढली. १९४१ चा ‘पायाची दासी’ हा त्यांचा स्वतःचा चित्रपट, विषय सासू-सूनेचा. त्यात वनमाला होत्या. या वनमाला आधी अत्र्यांच्या आगरकर हायस्कुलात शिक्षिका होत्या. शाळेतली बाई सिनेमात गेली म्हणून तेव्हा किती बोलणी खावी लागली असतील याची कल्पना करा. त्याच साली सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्येही त्या होत्या, ते नाव आपल्या आजी-आजोबांना ओळखीचे असेल.

आता ‘मोरूची मावशी’. ही गोष्ट मला सर्वांत आवडते, कारण ती चार मुलखांत फिरून आली आहे. ब्रँडन थॉमस नावाच्या इंग्रज लेखकाने १८९२ मध्ये ‘चार्लीज आंट’ हे प्रहसन लिहिले. दोन तरुणांना आपल्या आवडत्या मुलींना भेटायचे आहे, पण घरात कुणी वडीलधारी बाई असल्याशिवाय मुली येणार नाहीत. खरी मावशी वेळेवर पोचत नाही, म्हणून एका मित्राला लुगडे नेसवून मावशी करतात. मावशी श्रीमंत आहे हे कळताच म्हातारे तिच्याशी लग्नाला तयार होतात आणि ऐन वेळी खरी मावशी दारात उभी. १९२५ मध्ये यावर मूकपट निघाला, त्यात मावशी झाला होता चार्ली चॅप्लिनचा भाऊ सिडनी. अत्र्यांनी तिला मराठी लुगडे नेसवले, नाटक केले आणि १९४८ मध्ये चित्रपटही काढला.

योगायोग बघा, त्याच १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर हीच मावशी गाऊ-नाचू लागली. फ्रँक लोसर यांनी गाणी रचली, ‘व्हेअर्स चार्ली?’ असे नाव दिले. रे बोल्जर हा नट एका गाण्यात प्रेक्षकांनाच आपल्याबरोबर गायला लावत असे. आणि आपल्या उर्दूत? बेगम कुदसिया जैदी यांनी दिल्लीत हिंदुस्तानी थिएटर उभे केले होते, त्यांनी याच नाटकाला उर्दू रूप दिले, ‘खालिद की खाला’. मोरूची मावशी आणि खालिदची खाला या दोघी सख्ख्या बहिणीच म्हणायच्या. बेगम जैदी १९६० मध्ये वारल्या, पण उर्दू हौशी मंडळी ही खाला अजून रंगमंचावर आणतात. शाळेच्या गॅदरिंगला मुलाने बाईचा वेष घेतला तर आपल्याकडे काही पालकांना आवडत नाही. त्यांचे मत मी मानतो, तो प्रवेश आम्ही नुसता वाचून घेतो. वाचतानाही पोरे हसून लोळतात, म्हणजे गंमत लुगड्यात कमी आणि भाषेत जास्त आहे.

हसवता हसवता अत्र्यांनी रडवलेही. साने गुरुजींच्या पुस्तकावरून १९५३ मध्ये त्यांनी ‘श्यामची आई’ काढला. आईच्या कामाला पुन्हा वनमाला. देशात पहिल्यांदाच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले, त्यात राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. पाठोपाठ ‘महात्मा फुले’ (१९५४), त्याला रौप्यपदक. या चित्रपटात गाडगेबाबांचे कीर्तन आहे. आमच्या कामरगावापासून बाबांची संस्था असलेले मुर्तिजापूर काही फार लांब नाही, इकडची जुनी माणसे बाबांबद्दल घरच्या माणसासारखे बोलतात. त्यांचा आवाज आणि हावभाव पडद्यावर पकडून ठेवल्याबद्दल तरी वऱ्हाडाने अत्र्यांचे आभार मानायला हवेत. पुण्याच्या नगरपालिकेत असताना तिथल्या रे मार्केटला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले त्यामागेही अत्रेच होते.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आली. मुंबईसह मराठी माणसांचे एक राज्य व्हावे म्हणून अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ पासून ‘मराठा’ दैनिक चालवले. सभांना लाखाने माणसे जमत. अत्रे बोलत तेव्हा लोक हसत आणि हसता हसता पेटत. त्याच सभांमध्ये डफ घेऊन उभे राहत शाहीर अमर शेख. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, बार्शीचे. गिरणी कामगारांचा हा शाहीर गायला लागला की लाऊडस्पीकरची गरज पडत नसे असे जुने लोक सांगतात. १ मे १९६० रोजी राज्य झाले, आपला वऱ्हाडही त्यात आला. महाराष्ट्र दिनाला शाळेत भाषणे होतात तेव्हा अत्र्यांबरोबर अमर शेखांचे नाव आपल्या मुलांनी घेतले पाहिजे. दुसरे कुणी घेईल म्हणून वाट बघू नये.

अत्रे संत नव्हते. ‘मराठा’त ते विरोधकांवर तुटून पडत तेव्हा पातळी सोडत. लेखक ना. सी. फडके यांच्याशी त्यांचे भांडण वर्षानुवर्षे चालले आणि त्यात दोन्हीकडून जे लिहिले गेले ते वर्गात वाचून दाखवता येणार नाही. ज्या जिभेने हसवले तिनेच माणसे दुखावली. बायकांवरचे त्यांचे काही विनोदही आज खटकतात. मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना हे झाकून ठेवायची आपल्याकडे सवय आहे. मला ती बरी वाटत नाही, मुले पुढे स्वतः वाचतातच.

नाटक त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. १९६२ मध्ये ‘तो मी नव्हेच’ आले, मो. ग. रांगणेकरांचे दिग्दर्शन, फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकर एकाच नाटकात किती तरी वेषांत. अनेक बायकांना फसवणाऱ्या लबाडावरचे हे नाटक खऱ्या खटल्यावरून सुचले होते. १३ जून १९६९ रोजी अत्रे मुंबईत वारले. त्याच वर्षी अमर शेखही अपघातात गेले.

इथे चरित्र संपते, पण त्यांच्या विनोदाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. गाजलेल्या विनोदी चित्रपटावरून गाण्यांचे नाटक करायचे ही रीत आज न्यूयॉर्क-लंडनला रोजची झाली आहे. बिली वाइल्डर यांचा ‘सम लाइक इट हॉट’ १९७२ मध्ये ‘शुगर’ नावाने तिथे रंगमंचावर गेला. त्यातही दोन पुरुष बायकांच्या वेषात लपतात, आणि १९७५ मध्ये तीच कल्पना हिंदीत ‘रफू चक्कर’ होऊन आली. मराठीत हे काम अत्र्यांच्या माघारी सुयोग या नाट्यसंस्थेने केले. १९८५ मध्ये त्यांनी ‘मोरूची मावशी’ नव्याने आणले. विजय चव्हाण मावशी झाले, अशोक पत्कींनी अत्र्यांच्या शब्दांना चाल दिली आणि लुगड्यातला हा धिप्पाड माणूस गात-नाचत आला की थिएटर डोक्यावर घेतले जाई. त्याच दशकात ‘ब्रह्मचारी’ही पडद्यावरून रंगमंचावर आला, प्रशांत दामले औदुंबर आणि वर्षा उसगावकर किशोरी.

पडद्यावरची गोष्ट रंगमंचावर आणणे दिसते तितके सोपे नसते. पडद्यावर तळे दाखवता येते, नटीचा चेहरा जवळून दाखवता येतो, एका क्षणात चाळीतून आश्रमात जाता येते. रंगमंचावर ना पाणी ना कॅमेरा. तिथे नट, नटी, पेटी-तबला आणि लेखकाचे शब्द. शब्द पोकळ असतील तर पंधरा मिनिटांत प्रेक्षक चहाला उठतो. १९३८ साली लिहिलेले संवाद जवळजवळ पन्नास वर्षांनी, विनायक आणि मीनाक्षी शिरोडकरांशिवाय, नव्या पोरांनी म्हटले तरी हशा आला. एका रात्रीत महात्मा होणारी माणसे तोपर्यंत संपली नव्हती, हेही एक कारण असावे.

कामरगावात नाट्यगृह नाही. नाटक बघायचे म्हणजे अमरावती किंवा अकोला गाठावे लागते आणि तिथेही चांगला प्रयोग रोज नसतो. पण ‘मोरूची मावशी’ मोबाईलवर बघता येते आणि अत्र्यांची पुस्तके तालुक्याच्या वाचनालयात मिळू शकतात. माझ्या वर्गातल्या मुलांना मी सुट्टीचा अभ्यास म्हणून एक काम दिले आहे. घरी ‘खालिद की खाला’ माहीत असलेले कुणी मोठे माणूस असेल तर त्यांच्याकडून गोष्ट उर्दूत ऐकायची आणि मोरूच्या मावशीची गोष्ट मराठीत लिहून आणायची. आतापर्यंत सात वह्या आल्या आहेत, त्यातल्या दोन वह्यांत अक्षर मुलाचे आहे पण मजकूर आजीचा वाटतो.